खुराड्याला खिडकी हवी

परसातली कोंबडी बहुतेक वेळा रात्री मरते आणि सकाळी सापडते. मधल्या वेळात काय घडलं ते कुणी पाहिलेलं नसतं. दिवस मार्गशीर्ष-पौषाचे असले की निकाल मात्र ठरलेला असतो : थंडीनं मेली. शेजारीण मान डोलावते, मेलेली कोंबडी उकिरड्यावर जाते आणि त्याच संध्याकाळी खुराड्याच्या उरल्यासुरल्या फटी बारदानानं, जुन्या लुगड्यानं, खताच्या रिकाम्या पिशव्यांनी बुजवल्या जातात. आठवड्याभरात आणखी दोन मरतात. थंडीच्या नावानं पुन्हा बोटं मोडली जातात.

या लेखात मी थंडीचं वकीलपत्र घेतलं आहे. माझी अशील अगदीच निर्दोष आहे असं म्हणता येणार नाही. पिल्लांच्या बाबतीत तिचा गुन्हा कबूल करावा लागेल. पण मोठ्या, अंगावर भरगच्च पिसं असलेल्या कोंबडीला हिंगोलीची थंडी सहसा मारत नाही. तिला मारते ती थंडीच्या धास्तीनं आपण केलेली कोंडी.

आमच्याकडची थंडी

हिंगोली हा तसा नवा जिल्हा. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत आणि औंढा नागनाथ असे पाच तालुके. औंढ्याचं ज्योतिर्लिंग, नामदेवांची नर्सी आणि वसमतची हळद ही बाहेरच्यांना ठाऊक असलेली ओळख. इथली थंडी मात्र बाहेरच्यांना खरी वाटत नाही, कारण मराठवाडा म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे ऊन आणि टँकर येतात. शेजारच्या परभणीत कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत डिसेंबर २०१८च्या अखेरीस पारा ३ अंशांपर्यंत उतरला होता. हिंगोलीच्या शिवारातही लाटेच्या दिवसांत रात्रीचं तापमान एक आकडी होतं. कयाधूच्या काठाला आणि पाणी दिलेल्या हळदीच्या, गव्हाच्या वावरांत ते अंगाला जास्तच जाणवतं.

पण याच दिवसांत दुपारी पारा २८-३० अंशांवर असतो. पहाटे शेकोटी आणि दुपारी झाडाची सावली, अशी ही थंडी आहे. हिमाचलात किंवा कॅनडात कोंबडी सांभाळणाऱ्याला महिनोन्‌महिने एकसारख्या गारठ्याशी झुंजावं लागतं. आपल्याला चोवीस तासांत दोन ऋतू सांभाळायचे असतात. रात्री घट्ट बंद केलेलं खुराडं सकाळी दहाला भट्टी होतं, आणि दुपारी मोकळं वाटणारं खुराडं पहाटे चारला वाऱ्याच्या तोंडी येतं. म्हणून परदेशी पुस्तकातला नकाशा जसाच्या तसा उचलून चालत नाही. त्यातलं तत्त्व तेवढं उचलावं लागतं.

४१ अंशांचा पक्षी

कोंबडीच्या अंगाचं तापमान सुमारे ४१ अंश सेल्सिअस असतं. माणसाला एवढा ताप चढला तर घरातले गाडी शोधायला धावतील. ही ऊब ती दाण्यातून तयार करते आणि पिसांत साठवते. थंडी वाजली की पिसं फुगवते, पिसांच्या थरात हवा अडकते आणि ती हवा गोधडीचं काम करते. उघडे राहतात ते पाय, तुरा आणि चेहरा. रात्री दांडीवर बसताना ती पाय पोटाखाली घेते, मान पंखात खुपसते आणि तीही सोय करून टाकते. शेजारी दुसरी कोंबडी असेल तर दोघींची एक बाजू झाकली जाते.

मूळचा हा पक्षी उष्ण प्रदेशातला. आग्नेय आशियातल्या लाल रानकोंबड्यापासून तो माणसाळला. पायाच्या पिवळ्या कातडीचा गुण तर आपल्या दक्षिणेतल्या राखी रानकोंबड्याकडून आला, असं २००८ मधल्या जनुकीय संशोधनातून पुढे आलं. तरीही गावरान कोंबडी आजसुद्धा संधी मिळाली की लिंबावर किंवा बाभळीवर चढून झोपते. उघड्या फांदीवर, पौषाच्या पहाटे. तिथे ती मांजराच्या नाहीतर घुबडाच्या तावडीत सापडेल, पण गारठून खाली पडलेली सहसा दिसायची नाही. खुराडं बांधायचं ते मुख्यतः मुंगूस, रानमांजर, साप आणि चोर यांच्यासाठी. थंडीचा नंबर त्यानंतर लागतो.

पिसांच्या या व्यवस्थेला दोनच गोष्टी मोडतात. एक ओल, दुसरी म्हणजे थेट अंगावर येणारा वाऱ्याचा झोत. भिजलेल्या पिसांत हवा राहत नाही. झोतानं पिसं उचलली गेली की साठवलेली ऊब निघून जाते. कोंबडीचं घर कसं असावं, हा सगळा विषय या दोन वाक्यांत मावतो.

बंद घरातली रात्र

चार फूट बाय पाच फूट खुराडं घ्या. परसातल्या वीसेक कोंबड्यांना रात्रीपुरती माणशी, म्हणजे कोंबडीशी, एक चौरस फूट जागा धरली तर एवढं पुरतं. संध्याकाळी सहाला दार लागलं आणि सकाळी सातला उघडलं, तर तेरा तास झाले. या तेरा तासांत वीस कोंबड्या श्वासावाटे वाफ सोडतात. वर त्यांची विष्ठा, आणि तिच्यात चारातले तीन हिस्से पाणीच असतं. हे सगळं पाणी जाणार कुठे?

वर पत्रा असेल तर उत्तर सकाळी दिसतं. निरभ्र रात्री पत्रा आपली उष्णता आभाळाला देऊन टाकतो आणि बाहेरच्या हवेहूनही गार होतो. आतली उबदार, दमट हवा त्याला लागली की थेंब धरतात आणि पहाटेपर्यंत कोंबड्यांच्या पाठीवर ठिबकतात. बाई सकाळी दार उघडते, पाठी ओल्या दिसतात, आणि तिला वाटतं दव आत आलं. म्हणून ती आणखी एक पोतं लावते. दव बाहेरून आलेलंच नसतं.

ओल्या विष्ठेतून अमोनिया उठतो. आपण दार उघडून क्षणभर वाकतो, नाकाला झोंबतं, आपण मागे सरतो. कोंबड्या त्यातच रात्र काढतात, तेही जमिनीजवळ, जिथून तो वायू उठतो. कोंबडीची श्वसनाची रचना आपल्यासारखी नाही. फुप्फुसांना जोडून तिच्या अंगात नऊ हवेच्या पिशव्या असतात, म्हणजे खराब हवा शरीरात खोलवर पोचते. अमोनियानं श्वासनलिकेच्या आतलं बारीक केसांचं अस्तर निकामी होतं, डोळे चुरचुरतात, आणि मग जे जंतू एरवी बाहेरच थोपले असते ते आत शिरतात. आठवड्याभरानं घरघर ऐकू येते. बाईच्या हिशेबात थंडी बाधलेली असते.

अमेरिकेत हा वाद शंभर वर्षांपूर्वी होऊन गेला आहे. तिकडेही कोंबड्यांची घरं हिवाळ्यात काचेनं, लाकडानं बंद करण्याची पद्धत होती आणि तिकडेही कोंबड्या खोकत होत्या. प्रिन्स वूड्स नावाच्या डॉक्टरानं १९१२ मध्ये पुस्तक लिहून सांगितलं की घराची दक्षिणेकडची बाजू हिवाळ्यातही उघडीच ठेवा, फक्त घर खोल बांधा, म्हणजे मागच्या दांड्यांपर्यंत वारा पोचणार नाही. न्यू इंग्लंडच्या बर्फात हे चालत असेल तर नर्सीच्या थंडीत चालायला हरकत नसावी.

तुराट्यांचा कूड

हे शिकायला अमेरिकेपर्यंत जावं लागतं असंही नाही. कळमनुरीकडून डोंगराच्या अंगाला निघालं की आंध समाजाच्या वस्त्या लागतात. तिथल्या एका परसातलं खुराडं बारकाईनं पाहण्यासारखं होतं. बाभळीच्या चार मेढी, त्यांवर गुडघाभर उंचीवर माचा. भिंती तुराट्यांच्या कुडाच्या. तुरीचं पीक निघालं की तुराट्या घरच्याच, त्यामुळे खर्च नाही. कूड खालून दोन हिस्से शेणामातीनं लिंपलेला, आणि वरची वीतभर पट्टी तशीच उघडी, तुराट्यांच्या फटींसकट. वर गवताचं छप्पर, पावसासाठी त्यावर जुना पत्रा. पत्र्याखाली गवत असल्यामुळे थेंब धरायला गार पृष्ठभागच उरलेला नव्हता. दार दक्षिणेला. आत दोन दांड्या, दोन्ही सारख्या उंचीच्या, कारण एक उंच ठेवली की तिच्यावरून रोज संध्याकाळी मारामारी. दांड्या मनगटाएवढ्या जाड आणि वरून जरा तासून सपाट केलेल्या; कोंबडी बसली की तिच्या बोटांवर पिसं येतात. बारीक दांडीला बोटं वेढून धरावी लागतात आणि ती उघडी पडतात.

वरची पट्टी का लिंपली नाही, असं घरच्या आजीला विचारलं. तिला प्रश्नच विचित्र वाटला. “वर लिंपायचं नसतंय दादा. लिंपलं की आत वाफ कोंडती अन् कोंबड्याचे डोळे येतेत.” झालं. प्रिन्स वूड्सचं पुस्तक एका वाक्यात संपलं.

या खुराड्याची दिशाही नीट होती. लांब बाजू पूर्व-पश्चिम, तोंड दक्षिणेला. हिंगोलीच्या अक्षांशावर मे महिन्यात दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे वीतभर पुढे आलेलं छप्परही ऊन अडवतं. संक्रांतीच्या सुमाराला तोच सूर्य दुपारी दक्षिणेकडे पन्नासेक अंशांवर झुकलेला असतो आणि दारातून थेट आत उतरतो. खालचं भुसकट वाळवतो, जंतू मारतो, फुकटात. उत्तरेकडून येणारा बोचरा वारा पाठीमागच्या लिंपलेल्या कुडाला धडकून थांबतो. सिमेंटच्या विटा आणि पत्रे आल्यावर आपण जास्त पक्कं बांधायला लागलो आणि हे सगळं विसरलो. विटांच्या खुराड्याला चारही बाजूंनी गिलावा असतो आणि एक लोखंडी दार. मुंगूस शिरत नाही, पण हवाही शिरत नाही.

ज्यांचं खुराडं आधीच विटांचं आहे त्यांनी ते पाडायची गरज नाही. छपराच्या लगेच खाली, दोन समोरासमोरच्या भिंतींत एकेक विटेची भोकं काढावीत आणि त्यांना बारीक जाळी ठोकावी. उबदार दमट हवा वर चढते आणि तिथूनच निघून जाते. दांडीवर बसलेल्या कोंबड्यांच्या डोक्याच्या बरीच वर ही भोकं असली की अंगाला वारा लागत नाही. जाळीच्या खुराड्याला बारदानाचा पडदा लावायचा असेल तर तो खालून वर घ्यावा आणि वरची फूटभर जागा मोकळी सोडावी. आपण वरून खाली सोडतो. अमोनियाही आत राहतो आणि खालून वाराही येतो. पडदा रोज सकाळी ऊन आलं की काढायचा. दिवसभर लावून ठेवलेला पडदा रात्रीपेक्षा जास्त नुकसान करतो.

बरोबर जमलं की नाही हे बघायला यंत्र लागत नाही. कोंबड्या बसल्यावर उदबत्ती लावून दांडीच्या उंचीवर धरावी. धूर आडवा पळाला तर वाऱ्याचा झोत आहे, ती फट शोधून बुजवावी. धूर तिथेच घुटमळत राहिला तर वरची हवा बंद आहे. धूर सावकाश सरळ वर चढून छपराखालून बाहेर पडला की घर जमलं.

खालची गादी

खुराड्याच्या तळाशी काहीतरी कोरडं हवं, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पोल्ट्रीवाले भाताचं तूस वापरतात. हिंगोलीत भात फारसा नाही. सोयाबीनचं भुसकट मात्र दिवाळीच्या सुमाराला खळ्याखळ्यावर पडलेलं असतं. ते वापरायला हरकत नाही, फक्त ते परतीच्या पावसात भिजलेलं नसावं. भिजून काळं पडलेल्या भुसकटात बुरशी असते आणि कोंबड्या दिवसभर ते पायांनी उडवत बसतात.

उन्हाळ्यात दोन-तीन इंच थर पुरतो, थंडीत तो पाच-सहा इंच ठेवावा. आठवड्यातून दोनदा दंताळ्यानं खालीवर करावा. मूठभर घेऊन दाबून पाहावं : लाडू वळला तर ओल जास्त झाली, भुरभुरत निसटलं तर ठीक. ओलं दिसलं तर त्या जागेवरचं काढून टाकावं आणि बाकीच्यावर थोडी चुन्याची भुकटी भुरभुरावी. पाण्याचं भांडं रात्री आत ठेवू नये. कोंबडी अंधारात पीत नाही, ते सांडून ठेवते. ओल्या गादीतच रक्ती हगवणीचे जंतू वाढतात, आणि ती लागण झाली की पिल्लं दोन-तीन दिवसांत पंख पाडून बसतात.

कोपऱ्यात पाटीभर चुलीची राख आणि बारीक माती ठेवली तर कोंबड्या थंडीतही अंग घोळवून घेतात. उवा, पिसवा झडतात. भिंतीच्या आणि दांड्यांच्या फटींत दिवसा लपून रात्री रक्त पिणारे बारीक लाल किडे मात्र राखेनं जात नाहीत. त्यासाठी दिवाळीत घराला चुना लावताना उरलेला चुना खुराड्याच्या फटींत भरायचा. पूर्वी बायका हे न सांगता करत. आता घराला डिस्टेंपर लागतो आणि चुना उरतच नाही.

पिल्लांचा कायदा वेगळा

आता अशिलाचा गुन्हा कबूल करायची वेळ आली. अंड्यातून निघालेल्या पिल्लाच्या अंगावर पिसं नसतात, मऊ लव असते. स्वतःची ऊब स्वतः राखायला त्याला काही आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात त्याला ३३ ते ३५ अंश तापमान लागतं, आणि मग दर आठवड्याला सुमारे तीन-तीन अंशांनी ते कमी करत न्यायचं. हिंगोलीत डिसेंबरच्या पहाटे बाहेर ९ अंश असताना ही तफावत भरून काढायची तर कुणीतरी काम करायला हवं. गावरान पद्धतीत ते काम खुडूक कोंबडी करते. एकवीस दिवस रवणात बसून काढलेली दहा-बारा पिल्लं ती पंखाखाली घेते आणि तिच्याइतका भरवशाचा हीटर बाजारात मिळत नाही. लाईट गेली तरी तो चालू राहतो.

अडचण येते ती विकत आणलेल्या पिल्लांची. पशुसंवर्धन विभागाच्या योजनेत निम्म्या अनुदानावर एकदिवसीय १०० पिल्लांचा गट मिळतो, किंवा आठ-दहा आठवड्यांच्या २५ तलंगा, म्हणजे तरुण माद्या, आणि ३ नर असा गट मिळतो. बंगळूरची गिरिराज, हैदराबादची वनराज अशा सुधारित जाती बऱ्याच घरांत याच वाटांनी पोचल्या. तलंगा आलेल्या असतील तर अंगावर पिसं असतात, थोडी काळजी घेतली की भागतं. पण शंभर बिनआईची पिल्लं थंडीत घरी आली आणि त्या रात्री भारनियमन असलं, तर सकाळी खोक्याच्या कोपऱ्यात ढीग सापडतो. थंडी वाजली की पिल्लं एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात.

म्हणून पिल्लं येण्याआधी व्यवस्था हवी. पत्र्याचं किंवा पुठ्ठ्याचं दीड फूट उंचीचं गोल कडं करावं. गोलच, कारण चौकोनाच्या कोपऱ्यात पिल्लं दाटतात. मधोमध बल्ब टांगावा, पिल्लामागे दोनेक वॅट धरून, आणि तो साधा तारेचा हवा. एलईडीचा उजेड पडतो, ऊब पडत नाही. पिल्लं यायच्या काही तास आधीच तो लावून जागा तापवून ठेवावी. पुढे थर्मामीटर नसला तरी चालतं, पिल्लंच सांगतात. बल्बखाली गर्दी करून कलकलाट चालला असेल तर ऊब कमी आहे, बल्ब खाली घ्या. कडेला जाऊन चोची उघडून धापा टाकत असतील तर जास्त आहे, वर घ्या. सगळी एकाच बाजूला सरकली असतील तर दुसऱ्या बाजूनं वारा येतोय. आणि जिकडेतिकडे पसरून कुणी खातंय, कुणी झोपलंय असं दिसलं तर आपणही झोपायला हरकत नाही.

लाईट जाणार हे गृहीत धरूनच चालायचं. त्या वेळी बरेच जण कोळशाची शेगडी आत ठेवतात आणि गारठा येऊ नये म्हणून दार लावतात. हा सगळ्यांत घातक उपाय आहे. बंद जागेत जळणारा कोळसा कार्बन मोनॉक्साईड सोडतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि पिल्लांबरोबर त्याच खोलीत झोपलेल्या माणसालाही तो सोडत नाही. त्याऐवजी गरम पाण्यानं भरलेल्या, बूच घट्ट लावलेल्या बाटल्या गोणपाटात गुंडाळून कड्यात ठेवाव्यात, वर पोतं अर्धं झाकावं आणि दर दोन-तीन तासांनी पाणी बदलावं. रात्र जागावी लागते, पण निभतं. त्याहून सोपा मार्ग जुन्या बायका जाणतात : घरात खुडूक कोंबडी असेल तर अंधार पडल्यावर तिच्या पंखाखाली परकी पिल्लं हळूच सरकवायची. रात्री घेतलेलं पिल्लू ती सकाळी आपलं म्हणते. दिवसा दिलं तर टोचून काढते.

संध्याकाळचा दाणा

कोंबडीची ऊब दाण्यातून येते, तेव्हा थंडीत ती जास्त खाणार हे उघड आहे. खुराड्यात जाण्याआधी अर्धा-पाऊण तास ज्वारी किंवा मक्याचा भरडा टाकावा. गळ्याखालची पिशवी भरून ती दांडीवर बसते आणि तो दाणा रात्रभर सावकाश पचत राहतो. त्या पचनाचीच ऊब तिला पहाटेपर्यंत पुरते. सकाळी पहिलं पाणी कोमट द्यावं. थंडीत कोंबड्या पाणी कमी पितात, आणि पाणी कमी गेलं की दाणाही कमी जातो.

हिंगोली हा सोयाबीनचा जिल्हा, त्यामुळे साहजिकच वाटतं की घरचं सोयाबीन टाकावं, प्रथिनं मिळतील. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचं पचन रोखणारे घटक असतात. कोंबडी खाते आणि तरी खंगते. भाजून किंवा उकडून दिलं तर तेच सोयाबीन उत्तम खाद्य होतं. दुसरा धोका परतीच्या पावसाचा. भिजलेला, विकला न गेलेला मका किंवा सोयाबीन “कोंबड्यांना होईल” म्हणून बाजूला ठेवला जातो. त्यावरच्या बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष कोंबडीचं यकृत खातं. दिसायला लक्षणं फारशी नसतात. कोंबडी सुस्त होते, अंडी बंद होतात, मग एका थंड पहाटे ती मरते आणि पुन्हा दोष थंडीवर जातो.

तिसरा धोका हरभऱ्याचा. रब्बीच्या पेरणीत औषध चोळलेलं बियाणं धुऱ्यावर, वाटेवर सांडतं. लाल-गुलाबी दाणे कोंबड्यांना आवडतात. पेरणीच्या त्या दिवसांत कोंबड्या वावरात सोडू नयेत, इतकं साधं हे काम आहे.

अंडी का आटतात

थंडी पडली की अंडी कमी होतात, हे खरं आहे. मात्र त्याला जबाबदार पारा नसून दिवस आहे. अंड्यासाठी कोंबडीला रोज साधारण १४ ते १६ तास उजेड लागतो. हिंगोलीत डिसेंबरच्या अखेरीस दिवस जेमतेम ११ तासांचा असतो. मिळणारा उजेड कमी झाला की मेंदू अंडाशयाला थांबायला सांगतो. त्याच सुमाराला जुनी पिसं झडून नवी येतात आणि प्रथिनं तिकडे खर्च होतात. खुराडं कितीही उबदार केलं तरी यात फरक पडत नाही.

सुधारित जातीच्या कोंबड्या असतील तर पहाटे चारपासून उजाडेपर्यंत एक लहान दिवा लावता येतो. संध्याकाळी नको, कारण दिवा अचानक विझला की कोंबड्या दांडीवर चढायच्या आधीच अंधारात अडकतात. वर्षाला साठ-सत्तर अंडी देणाऱ्या गावरान कोंबडीसाठी हा खटाटोप परवडत नाही. तिला विश्रांती घेऊ द्यावी. तसंही गावरान अंड्याला फार्मच्या अंड्यापेक्षा बराच जास्त भाव मिळतो आणि थंडीत मागणी चढते. थोडी अंडी, पण चढ्या भावानं. हे पैसे बहुतेक घरांत बाईच्या हातात राहतात. तेलमीठ, लेकरांच्या वह्या, दवाखान्याचं भाडं त्यातून निघतं. म्हणूनच एक कोंबडी मेली तर गड्याला ती एक कोंबडी असते, बाईच्या हिशेबात मात्र महिन्याचा बाजार असतो.

थंडीचं नाव, रोगाचं काम

थंडीच्या दिवसांत गावच्या गाव कोंबड्यांनी रिकामं होतं, ते बहुधा राणीखेत या रोगामुळे. कुमाऊंमधल्या राणीखेतचं नाव मिळालेला हा विषाणू १९२०च्या दशकापासून आपल्याकडे नोंदलेला आहे. हिरवट-पांढरी हगवण, मान वाकडी होणं, पंख लुळे पडणं ही लक्षणं खेड्यातल्या प्रत्येकाला पाठ असतात. त्यावर उपचार नाही, लस आहे. पिल्लू पाच-सात दिवसांचं असताना लासोटाचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात, आणि आठव्या आठवड्याच्या सुमाराला आरटूबीची सुई. मग अडतं कुठे? लसीची कुपी शंभर किंवा त्याहून जास्त मात्रांची येते, बर्फात आणावी लागते, आणि एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांची बाई एकटी ती आणत नाही. वस्तीतल्या पंधरा-वीस घरांनी एक दिवस ठरवला तरच हे जमतं. ‘उमेद’ या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या बचत गटांतल्या पशुसखी जिथे हे मनावर घेतात तिथे वस्तीतल्या कोंबड्या वाचतात. हळद-लसणाचं पाणी पाजायची रीत आपल्या हळदीच्या मुलखात आहे; ते जरूर पाजावं, पण त्यानं राणीखेत थांबत नाही.

दुसरा रोग बर्ड फ्लू. भारतात तो प्रथम आढळला तोच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला, फेब्रुवारी २००६ मध्ये. जानेवारी २०२१ मध्ये तो परभणीजवळच्या मुरुंब्यात आला आणि शेकडो कोंबड्या गेल्या. जानेवारी २०२५ मध्ये उदगीरमध्ये कावळे मरून पडले, तेही त्यानंच. तारखा पाहा, सगळ्या हिवाळ्यातल्या. या दिवसांत इसापूर, येलदरी, सिद्धेश्वर अशा जलाशयांवर दूरदेशीचे पाणपक्षी उतरतात, आणि विषाणूचा एक मार्ग त्यांच्यातून जातो. तळ्याकाठी कोंबड्या चरायला सोडू नयेत, आणि त्यांचं दाणापाणी उघड्यावर ठेवू नये. एकाच वेळी बऱ्याच कोंबड्या किंवा कावळे मेले तर मेलेलं पाखरू हातात न घेता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावं. अशा वेळी लोक गप्प राहतात, कारण रोग ठरला की एक किलोमीटरच्या आतल्या सगळ्या कोंबड्या मारल्या जातात. ती भीती खरी आहे. पण गप्प राहिल्यानं रोग पुढच्या गावाला जातो, आणि तो माणसालाही होऊ शकतो.

दिवाळी ते संक्रांत

२०१९च्या पशुगणनेत देशातल्या ८५ कोटी कोंबड्या-बदकांपैकी सुमारे ३१.७ कोटी परसातली निघाली, आणि आधीच्या गणनेपेक्षा ही संख्या जवळजवळ ४६ टक्क्यांनी वाढलेली होती. परसातली कोंबडी संपत चालली नाही, वाढते आहे. तिच्याविषयी बोलणं मात्र जातीपाशी थांबतं : गिरिराज चांगली की वनराज, कडकनाथाला भाव किती. पिल्लांच्या वाटपाच्या दिवशी मंडपात चर्चा ऐकली तर तीच. पक्षी रात्री कुठे बसणार, हा प्रश्न तिथे कुणी विचारत नाही. तो विचारायला हवा, आणि पिल्लांचे गट थंडीऐवजी फेब्रुवारीनंतर वाटता येतील का, हेही. तोंडापूरच्या कृषी विज्ञान केंद्रापासून परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयापर्यंत जाणकार माणसं जवळच आहेत. त्यांनी आणि गटांनी मिळून तुराट्यांचं एखादं चांगलं खुराडं प्रत्येक मोठ्या गावात बांधून दाखवलं, तर शंभर व्याख्यानांचं काम होईल.

दिवाळीच्या सुमाराला कडाक्याची थंडी यायला अजून अवकाश असतो. सोयाबीनचं भुसकट खळ्यावर पडलेलं असतं, घरात आवराआवर चाललेली असते. एका सकाळचं काम आहे : जुनी गादी काढून कोरडी घालायची, फटींत चुना भरायचा, छपराखालची हवा मोकळी करायची, उत्तरेची बाजू लिंपायची, आणि शेजारणींना विचारून लसीचा दिवस ठरवायचा. तुराट्या तेवढ्या नव्या मिळणार नाहीत, त्या तूर निघाल्यावर. पण मागच्या सालच्या चार-दोन पेंढ्या गोठ्यात सापडतीलच. एवढं करूनही पौषात एखादी कोंबडी मेली, तर तिचा दोष खुशाल थंडीवर टाकावा. वकीलपत्र मी तिथे परत देईन.